स्थळ : लोकांचं सभागृह

लग्नसराई सुरू झाली की आमच्या सोमेश्वरनगरच्या पंचक्रोशीत पत्रिकांचा पाऊस पडतो. निंबूत, करंजेपूल, वाणेवाडी, मुरूम, होळ... एका दिवसात चार-चार लग्नं गाठायची म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत दिवसभर अक्षता टाकत फिरायचं. पत्रिका हातात आली की जाणती माणसं आधी निमंत्रकांची नावं पाहतात, म्हणजे कुणाची आहेत यापेक्षा कुणाची राहिली आहेत ते. बायका मात्र 'स्थळ' पाहतात. त्या एका ओळीवरून त्यांना सगळं कळतं. घरापुढचा मांडव असेल तर बेताचं लग्न. नामांकित मंगल कार्यालय असेल तर जावई नोकरीवाला. आणि एखाद्या संस्थेचं सभागृह असेल, तर 'वजन' आहे.

हे वजन कसलं, असा प्रश्न मला तीन-चार वर्षांपूर्वी माझ्या पुतणीच्या लग्नात पडला. मुहूर्त मे महिन्यातला, तोही घाईत ठरलेला. आसपासची सगळी कार्यालयं भरलेली. माझा धाकटा भाऊ हवालदिल झाला होता. तेवढ्यात आमच्या भागातल्या एका संस्थेचे संचालक घरी आले. संस्थेचं नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, कारण अशी सभागृहं प्रत्येक तालुक्यात दहा-दहा आहेत. ते म्हणाले, "गुरुजी, काळजी कशाला करता? आपलं सभागृह आहे की. खुर्च्या आहेत, पंखे आहेत, जनरेटर आहे. या बिनधास्त."

"भाडं किती?" मी विचारलं.

ते हसले. "आपल्याच संस्थेला भाडं कसलं?"

मी आयुष्यभर शाळेत हजेरीपट आणि जमाखर्च लिहिलेला माणूस. पावतीशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या कचेरीत गेलो आणि क्लार्कला म्हणालो, "सभागृहाचं भाडं भरायचं आहे, पावती फाडा." तो बिचारा गोंधळला. कपाट उघडलं, दोन फायली चाळल्या, मग म्हणाला, "सर, दरपत्रकच नाही. आजपर्यंत कुणी भाडं भरलंच नाही, तर पावती कोणत्या खात्यावर टाकू?" आणि मग, थोडा आवाज खाली आणून, "मागच्या महिन्यात आमच्या शिपायानं पोरीच्या साखरपुड्याला मागितलं होतं. त्याला सांगितलं, सभागृह बाहेरच्या कार्यक्रमांना देत नाहीत."

लग्न शेवटी घराशेजारच्या रानात, मांडवात झालं. अक्षता पडायला आणि वळीव यायला एकच गाठ पडली. पंगतीतल्या पत्रावळ्या कालव्याच्या दिशेने उडाल्या. भाऊ म्हणाला, "अण्णा, तुमच्या तत्त्वापायी माझ्या व्याह्यांपुढे शोभा झाली." पुढे दिवाळीपर्यंत तो माझ्याशी धड बोलला नाही. वहिनी मात्र एवढंच म्हणाल्या, की ओलं झालं तरी कुणाचं ऋण डोक्यावर राहिलं नाही.

भावाचं म्हणणं अगदीच टाकाऊ होतं असं मला आजही वाटत नाही. सभागृह रिकामंच होतं. आमच्या बसण्याने खुर्च्या झिजणार नव्हत्या. शिवाय संस्था सभासदांची आणि आम्ही सभासद. मग अडलं कुठे? अडलं ते त्या संचालकांच्या दिलदारपणात. आपल्याकडे म्हण आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. त्यांनी दिलं ते त्यांचं नव्हतं. पण उपकार मात्र त्यांच्या नावावर जमा होणार होता आणि तो पुढच्या निवडणुकीत, एखाद्या सर्वसाधारण सभेत 'मंजूर, मंजूर'च्या आरोळीत आम्हाला फेडावा लागणार होता. आमच्याकडच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. ज्या खोलीत आपण 'नामंजूर' म्हणायला उभं राहायचं, तिथंच आपल्या घरच्या लग्नाची पंगत फुकट उठलेली असेल, तर आवाज थोडा बसतोच.

सभागृह छोटं असो की मोठं, दुखणं एकच आहे. म्हणून गावच्या समाजमंदिरापासून थेट विधानभवनापर्यंत आणि संसदेपर्यंत या गोष्टीचा माग काढावासा वाटला.

'सभा' हा शब्द आपल्याला महाभारतातल्या सभापर्वातून घराघरांत माहीत आहे. त्या पर्वात काय घडतं? धृतराष्ट्र खास नवी सभा बांधवून घेतो आणि तिथे भाऊबंदांचा द्यूताचा डाव मांडला जातो. घरचा खेळ, घरचा मत्सर, पण स्थळ राजसभेचं. भीष्म, द्रोण, विदुर असे सगळे आपापल्या आसनांवर. द्रौपदीने त्या सभेला कायद्याचा प्रश्न विचारला, तेव्हा विकर्ण आणि विदुर सोडले तर बाकीच्यांच्या माना खाली गेल्या. घरच्या कार्याला पाहुणे म्हणून बसलेल्या माणसांना न्यायाधीश होता येत नाही, याचा इतका जुना दाखला दुसरा नसेल.

आणि सार्वजनिक पैशाने उभी राहिलेली जागा कुणाची, हा प्रश्न तर महाराष्ट्राने रक्त सांडून सोडवला आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने संमत केला. सरकारी किंवा सार्वजनिक निधीतून बांधलेले वा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही खुले असावेत, असं तो ठराव म्हणत होता. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचं ठरवलं, पण कागदावरच. ते प्रत्यक्षात आणायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावं लागलं आणि परतणाऱ्या लोकांनी मार खाल्ला. 'सर्वांचं' असं लिहिलेल्या जागेची किल्ली मूठभरांच्या कनवटीला असते, हे आपल्या आजोबांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे शिपायाला 'नाही' आणि गुरुजींना 'या बिनधास्त', हा मामला मला किरकोळ वाटत नाही.

आता मुंबईला जाऊ. आपलं आजचं विधानभवन १९८१ साली सुरू झालं. त्याआधी कित्येक वर्षं आपले आमदार रीगल सिनेमाजवळच्या ज्या इमारतीत बसत, ती मुळात खलाशांच्या निवाऱ्यासाठी बांधलेली होती. आज तिथे राज्याच्या पोलिस महासंचालकांचं कार्यालय आहे. खलाशी, आमदार, पोलिस असा एका वास्तूचा प्रवास मला नेहमी गमतीचा वाटतो. नव्या विधानभवनात विधानसभा आणि विधान परिषद यांची सभागृहं आहेत आणि एक मध्यवर्ती सभागृह आहे. प्रश्न बहुतेक वेळा या मध्यवर्ती सभागृहाचाच असतो. कामकाजाच्या दालनात उठून कार्यक्रम करायला कुणी धजत नाही. मध्यवर्ती सभागृह म्हणजे ओसरी. आणि ओसरीवर कुणी बसावं याचे नियम घराघरात वेगळे.

५ जुलै २०२४ रोजी या ओसरीवर मोठा सोहळा झाला. भारताने बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आठवडाही झाला नव्हता. पावसाळी अधिवेशन चालू होतं. रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल या मुंबईकरांचा मध्यवर्ती सभागृहात सत्कार झाला. सूर्यकुमारने त्या अखेरच्या षटकातल्या झेलाविषयी मराठीतून सांगितलं आणि आमदारांनी बाकं वाजवली. आम्हीही घरी टीव्हीपुढे टाळ्या पिटल्या; खोटं कशाला बोला? मग मुख्यमंत्र्यांनी संघाला ११ कोटी रुपयांचं बक्षीस जाहीर केलं आणि विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार यांनी विचारलं, की हे पैसे राज्याच्या तिजोरीतून कशासाठी?

या सत्काराला खासगी कार्यक्रम म्हणायचं का? लगेच 'नाही' असं उत्तर येईल. देशाचा संघ आहे. पण क्रिकेट नियामक मंडळ ही कायद्याच्या भाषेत नोंदणी झालेली एक खासगी संस्था. राज्यघटनेच्या बाराव्या कलमातल्या अर्थाने ती 'राज्य' नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बहुमताने ठरवलं. मंडळानेही तोच मुद्दा न्यायालयात मांडला होता. म्हणजे जबाबदारीची वेळ आली की आम्ही खासगी आणि सत्काराची वेळ आली की आम्ही देशाचे! माझं मत विचाराल तर मुलांचा सत्कार व्हायला हरकत नव्हती. लोकप्रतिनिधींनी लोकांचा आनंद आपल्या घरात साजरा केला, तर त्यात वावगं काही नाही. तिजोरीतली रक्कम ही मात्र त्या भारावलेल्या दुपारी ओसरीवर उभं राहून जाहीर करायची गोष्ट नव्हती. ती आतल्या दालनात, पुरवणी मागण्यांत, प्रश्नोत्तरांसह यायला हवी होती. टाळ्यांच्या गजरात विरोध करणारा आमदार खलनायक ठरतो. त्यासाठीच तर टाळ्यांची जागा आणि मतांची जागा वेगळी ठेवायची.

क्रिकेट आणि आमदार यांची एक उलटी गोष्टही आहे. आमदारांना एक मैत्रीपूर्ण सामना ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरवायचा होता. ते मैदान एका खासगी क्लबचं. क्लबने नकार दिला आणि त्या रागातून विधानसभेचे तेव्हाचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी नवं स्टेडियम उभारण्याचा चंग बांधला, असं क्रिकेटवाले सांगतात. तिकिटांच्या वाटपावरून चाललेली जुनी भांडणं हेही कारण होतंच. १९७५च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. खासगी क्लबाने विधानसभेच्या लोकांना तोंडावर 'नाही' म्हणून दाखवलं, याचं मला कौतुक वाटतं. आपल्या सार्वजनिक इमारतींना हा शब्द उच्चारायला फार जड जातो.

तो जड गेल्यावर काय होतं, ते बेंगळुरूने पाहिलं. ३ जून २०२५ रोजी तिथल्या रॉयल चॅलेंजर्स संघाने आयपीएल जिंकली. हा तर राज्याचाही संघ नव्हे. एका मद्यनिर्मिती कंपनीच्या मालकीचा तो व्यावसायिक संघ होता. तरी दुसऱ्याच दिवशी विधानसौधाच्या पायऱ्यांवर राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्या उपस्थितीत सत्कार ठरला. एका रात्रीत ठरलेल्या त्या सोहळ्यासाठी लोटलेली गर्दी जवळच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या दरवाजांवर आदळली आणि चेंगराचेंगरीत ११ जण मेले. त्यांत कॉलेजात जाणारी पोरं होती. विधानसौधाच्या दर्शनी भागावर 'सरकारचं काम हे देवाचं काम' अशा अर्थाचा लेख कोरलेला आहे. त्या दुपारी त्याच लेखाच्या आसपास झेंडे नाचत होते. पोलिसांची जबाबदारी किती, क्लबाची किती, हे चौकश्या ठरवतील. मला खटकलं ते वेगळं. राज्याच्या सर्वोच्च वास्तूने एका कंपनीच्या विजयाला आपल्या पायऱ्या दिल्या आणि गर्दीला जणू सरकारी आवतण गेलं.

दिल्लीत पायऱ्यांची गरज नाही, तिथे पडदा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये 'गदर २' हा चित्रपट नव्या संसद भवनात खासदारांसाठी दाखवला गेला, तेव्हा तो देशभरच्या चित्रपटगृहांत गल्ला भरत होता. २ डिसेंबर २०२४ रोजी संसदेच्या ग्रंथालय इमारतीतल्या बालयोगी सभागृहात 'द साबरमती रिपोर्ट' दाखवला गेला आणि पंतप्रधान स्वतः पाहायला आले. खासदारांनी सिनेमा जरूर पाहावा. दिल्लीत थिएटरांची टंचाई नाही. संसदेत दाखवलेला सिनेमा म्हटल्यावर त्याला जे वजन येतं, ते कोणत्याही जाहिरात कंपनीकडून विकत मिळत नाही. आमच्या लग्नपत्रिकेतलं 'स्थळ' तेच आणि हेही तेच.

पक्षांच्या बैठकांचं कोडं जास्त अवघड आहे. संसदेचं मध्यवर्ती सभागृह मूळचं ग्रंथालय. १९४६ मध्ये संविधान सभेसाठी ते बदलून घेतलं. तिथेच १८ मे २००४ रोजी सोनिया गांधींनी काँग्रेस संसदीय पक्षाच्या बैठकीत पंतप्रधानपद नाकारलं. तिथेच २० मे २०१४ रोजी नरेंद्र मोदींची भाजप संसदीय पक्षाच्या नेतेपदी निवड झाली. संसद नव्या इमारतीत गेली, जुन्या वास्तूचं नाव 'संविधान सदन' झालं, तरी ७ जून २०२४ची रालोआची बैठक त्याच दालनात झाली. पक्ष ही खासगी संघटनाच. पण नेता निवडणं हे सभागृहाच्या कामाचं उंबरठ्यावरचं पाऊल आहे. म्हणून मी ते चालवून घेईन, मात्र उद्या पाच खासदारांच्या पक्षाने तेच दालन मागितलं तर त्यालाही तितक्याच सहजपणे मिळणार असेल तर.

या वास्तूंचा मालक तरी कोण? सरकार नव्हे, एवढं नक्की. विठ्ठलभाई पटेल केंद्रीय कायदेमंडळाचे अध्यक्ष असताना, १९२९ साली भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकले. त्यानंतर सरकारने आपल्या पोलिसांचा बंदोबस्त आत आणायचा घाट घातला, तेव्हा विठ्ठलभाई अडून बसले. आवारावर हुकूम चालेल तो अध्यक्षाचा, असं त्यांचं म्हणणं. त्या भांडणातून सभागृहाची स्वतःची 'वॉच अँड वॉर्ड' ही सुरक्षा शाखा जन्माला आली. इंग्रजांच्या राज्यात हे झालं! आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांत हाणामारी झाली, त्यानंतर अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी अधिवेशनकाळातल्या अभ्यागतांवर निर्बंध घातले आणि मंत्र्यांनी आपल्या बैठका मंत्रालयात घ्याव्यात, असं बजावलं. म्हणजे तोवर विधानभवन हे बऱ्याच जणांसाठी दरबार भरवायची जागा झालं होतं. कुणा पाहुण्याने कुणाची गचांडी धरेपर्यंत ते कुणाला खुपलं नाही, हे मात्र आपल्या स्वभावाला धरूनच झालं.

लंडनच्या संसदेत खासदारांची लग्नं होतात, हे वाचून मी चकित झालो होतो. तिथे सेंट स्टीफन्स हॉलच्या तळाशी सेंट मेरी अंडरक्रॉफ्ट नावाचं प्रार्थनास्थळ आहे. खासदार, उमराव आणि त्यांची मुलं यांना तिथे लग्न लावता येतं. अलीकडे तर सभागृहाचं कामकाज नसताना तिथली भोजनदालनं सामान्य माणसालाही समारंभासाठी भाड्याने मिळतात. आपल्या मनात येईल, काय ही विटंबना! मला उलट वाटतं. तिथे दर छापलेले असतात. खासदाराच्या नावावर दालन घेतलं तर त्यातून पक्षासाठी किंवा स्वतःसाठी पैसा उभा करायचा नाही, असा नियम असतो. नियम तिथेही मोडले जातात, वर्तमानपत्रं त्यावर तुटून पडतात. पण मोडायला आधी नियम असावा लागतो. आमच्या क्लार्ककडे तोही नव्हता.

आपल्याकडे वाट नाही असं नाही. दिल्लीत रफी मार्गावर खासदारांसाठी वेगळा कॉन्स्टिट्यूशन क्लब आहे. पुस्तक प्रकाशनं, परिसंवाद, पत्रकार परिषदा तिथे होतात आणि संसदेच्या उंबऱ्याला धक्का लागत नाही. आमच्या बारामतीच्या नेत्यांची तर दोन्ही उदाहरणं घरचीच. शरद पवारांचा पंचाहत्तरीचा सोहळा डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सोनिया गांधी यांच्या साक्षीने झाला, संसदेत नव्हे. आणि २ मे २०२३ रोजी त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं, ते मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या सभागृहात, पुस्तकाच्या प्रकाशनात. विधानभवन तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. राजकारण खासगी सभागृहात बेलाशक करावं, त्याला कुणाची ना नाही. खासगी काम विधानभवनात गेलं की मात्र भुवई उंचावली पाहिजे.

खासदार निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला. त्यातून गावोगाव सभामंडप आणि सांस्कृतिक भवनं उभी राहिली. या निधीतल्या वास्तूला व्यक्तीचं नाव देता येत नाही, असा नियम आहे. नाव भिंतीवर नसतं, पण किल्ली कुणाकडे आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक असतं. पावसाळ्यात ग्रामसभा तिथे भरायची असते आणि त्याच दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक तिथे कापायचा असतो. अशा वेळी ग्रामसभा तहकूब झालेली मी पाहिली आहे. वाढदिवस तहकूब झालेला नाही.

मी शाळेची पोरं घेऊन विधानभवन पाहायला जात असे, तेव्हा प्रेक्षक गॅलरीच्या पासासाठी आमदारांची शिफारस घ्यावी लागे. चाळीस पोरांची यादी, शाळेचा शिक्का, दोन हेलपाटे. ते योग्यच होतं. लोकांच्या घरातही कुणी नोंद न करता शिरू नये. माझं मागणं तेवढंच आहे, की मध्यवर्ती सभागृहातल्या प्रत्येक कार्यक्रमाचीही अशीच नोंद व्हावी आणि ती विधानमंडळाच्या दारात, सगळ्यांना वाचता येईल अशी लावावी. आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक समाजमंदिराच्या आणि संस्थेच्या सभागृहाच्या दारातही लावावी. मागितलं कुणी, शिफारस कुणाची, काम कसलं, भाडं किती आणि माफ केलं असेल तर कुणाच्या सहीने. एक रकाना नकाराचाही हवा. सभागृह कुणाला नाकारलं, ते मी सर्वांत आधी वाचीन.